मोटोरोलाच्या नावात मोटार कुठून आली? गाडीत रेडिओ बसवणाऱ्या पॉल गॅल्विन यांची गोष्ट

काही महिन्यांपूर्वी मी माझ्या सेकंड हँड गाडीतला कंपनीचा सबवूफर काढला आणि बाजारातून आणलेला नवा स्पीकर त्याच्या जागी बसवला. जुन्याचा कोन फाटला होता, बेस लागला की डिकीत कोणीतरी पत्रा हलवतंय असं वाटायचं. नवा स्पीकर त्याच मापाचा, आठ इंची, आणि खोक्यावर छापलेले वॅट जुन्याच्या दुप्पट. रविवारी दुपारी डिकीचं साइड पॅनल उघडलं, चार स्क्रू काढले, दोन वायरी जोडल्या, झालं काम. मोठ्या उत्साहाने गाणं लावलं आणि बेस आधीपेक्षाही कमी! फाटका वूफर बरा होता म्हणायची वेळ आली.

स्पीकर खराब नव्हता, वायरही तुटली नव्हती. मग चुकलं काय? ते शेवटी सांगतोच. पण कारण शोधता शोधता मी एका माणसाच्या आयुष्यात शिरलो. कंपनीने गाडीत न दिलेली वस्तू बाहेरून आणून बसवायची, याला आज आपण आफ्टरमार्केट म्हणतो. गाडीतल्या आवाजाच्या बाबतीत हा धंदा ज्यांनी घराघरात नेला, त्यातलं एक मोठं नाव म्हणजे पॉल गॅल्विन. त्यांनी काढलेल्या कंपनीचं नाव कदाचित आत्ता तुमच्या हातातल्या फोनवर असेल. मोटोरोला!

फोनच्या कंपनीच्या नावात मोटार कशाला, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? मला तरी पडला नव्हता. चला, बघूया.

स्टेशनवर पॉपकॉर्न विकणारा मुलगा

पॉल व्हिन्सेंट गॅल्विन यांचा जन्म २९ जून १८९५ चा. गाव हार्वर्ड, राज्य इलिनॉय, देश अमेरिका. हे हार्वर्ड म्हणजे ते प्रसिद्ध विद्यापीठ नव्हे बरं का. हे शिकागोपासून साधारण शंभर किलोमीटरवरचं, रेल्वेमार्गावरचं छोटंसं गाव. स्टेशनात गाडी थांबली की गावातली पोरं डब्यांकडे धावायची आणि प्रवाशांना पॉपकॉर्न विकायची. शाळकरी पॉल त्या पोरांपैकीच एक. गाडी थोडाच वेळ थांबणार, गिऱ्हाईक जागचं हलणार नाही, म्हणजे माल आपणच त्याच्यापर्यंत न्यायचा, हे शिक्षण त्याला तिथे फुकटात मिळालं.

पुढे पॉलने इलिनॉय विद्यापीठात दोन वर्षं काढली, पण पदवी पूर्ण केली नाही. पहिलं महायुद्ध सुरू होतं. तो सैन्यात गेला आणि तोफखान्यात अधिकारी झाला. म्हणजे ज्या माणसाच्या कंपनीने पुढे जगाला रेडिओ आणि फोन दिले, तो इंजिनिअर नव्हता. माझ्यासारख्या डिग्रीवाल्याला हे वाचून जरा टोचलंच.

दोनदा बुडालेला धंदा

युद्धावरून परतल्यावर गॅल्विन शिकागोतल्या एका बॅटरी कंपनीत नोकरीला लागले. तेव्हा बॅटरीला चांगले दिवस होते. मोटारींना इलेक्ट्रिक स्टार्टर आले होते आणि घरोघरी रेडिओ येऊ लागले होते. दोघांनाही बॅटरी लागायची. १९२१ मध्ये एडवर्ड स्टुअर्ट या मित्राबरोबर त्यांनी विस्कॉन्सिन राज्यातल्या मार्शफील्ड गावी स्वतःचा बॅटरीचा कारखाना काढला.

दोन वर्षांत तो बंद पडला. सरकारी कर थकला होता, कारखान्याला कुलूप लागलं. घरी बायको लिलियन आणि १९२२ मध्ये जन्मलेला तान्हा मुलगा रॉबर्ट. गॅल्विन कुटुंबाला घेऊन शिकागोला परतले आणि ब्राख नावाच्या गोळ्या-चॉकलेटच्या कंपनीत नोकरी करू लागले.

बहुतेक लोक इथे धंद्याचा नाद सोडतील. गॅल्विन यांनी १९२६ मध्ये पुन्हा स्टुअर्टबरोबर बॅटरीचा धंदा मांडला, या वेळी शिकागोत. १९२८ मध्ये तोही बुडाला. वय ३३, खिसा रिकामा, मुलगा सहा वर्षांचा होत आलेला, आणि नावावर दोन बंद पडलेले कारखाने.

पण त्या दुसऱ्या कारखान्यात एक वस्तू होती जिच्यावर त्यांचा अजून विश्वास होता. तिचं नाव बॅटरी एलिमिनेटर.

अडॅप्टरचा पणजोबा

१९२० च्या दशकातला रेडिओ म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचा खटाटोप. त्या ट्यूबना दोन वेगळ्या प्रकारची वीज लागायची. आतली तार तापवायला कमी व्होल्टची आणि प्लेटला जास्त व्होल्टची. त्यामुळे एका रेडिओमागे दोन-तीन बॅटऱ्या असायच्या. काही कोरड्या, ज्या संपल्या की फेकायच्या, आणि एक ॲसिडची, जी उचलून चार्जिंगला न्यायची. दिवाणखान्यात ॲसिड सांडलं तर गालिच्याची वाट.

एलिमिनेटर ही भिंतीतल्या विजेवर चालणारी पेटी होती. घरातली एसी वीज घ्यायची आणि रेडिओला हवी तशी डीसी करून द्यायची. आज आपण लॅपटॉपचा अडॅप्टर खोचतो, त्याचा हा पणजोबा.

बुडालेल्या कारखान्याच्या लिलावात गॅल्विन स्वतःच बोली लावायला गेले. ७५० डॉलरमध्ये एलिमिनेटरचे आराखडे आणि यंत्रं त्यांनी विकत घेतली. २५ सप्टेंबर १९२८ ला त्यांनी आणि भाऊ जो याने गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन ही कंपनी नोंदवली. जागा शिकागोच्या हॅरिसन स्ट्रीटवर भाड्याने घेतलेली, हातात रोख ५६५ डॉलर आणि कामाला पाच माणसं. आजच्या भाषेत अगदी गॅरेज स्टार्टअप.

पण हा मालही फार दिवस चालणार नव्हता. थेट भिंतीत प्लग लावायचे रेडिओ बाजारात आले होते. असा रेडिओ घेतला की एलिमिनेटर घेण्याचं कारणच उरत नाही. हेडफोनचा जॅक गेला तेव्हा जॅकवाल्या ॲक्सेसरी बनवणाऱ्यांचं जे झालं, तसंच समजा. गॅल्विन यांनी मग दुसऱ्या ब्रँडच्या नावाने विकले जाणारे रेडिओ बनवायला घेतले. तेवढ्यात ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. ऑर्डरी रद्द झाल्या, दुकानांत रेडिओ पडून राहिले, भाव पडले. तिसऱ्यांदा कुलूप लागायची वेळ जवळ येत होती.

गाडीत रेडिओ? पण कसा?

गाडीत रेडिओ ही कल्पना गॅल्विन यांची नव्हती. काही हौशी लोक आणि कारागीर पैसेवाल्या गिऱ्हाइकांसाठी एकेक रेडिओ गाडीत बसवून देत होते. पण तो दरवेळी नव्याने मांडलेला खेळ होता, आणि महाग. गॅल्विन यांनी विचार केला तो असा, की हीच वस्तू कारखान्यात एकसारखी बनवून परवडेल अशा दरात विकता आली तर? घरच्या रेडिओचा बाजार मेलेला, पण रस्त्यावर लाखो मोटारी मुक्या धावताहेत.

कामाला लागली तरुण मंडळी. एक विल्यम लिअर, रेडिओची कॉइल बनवणारा. पुढे लिअरजेट विमानांमुळे प्रसिद्ध झाला तोच हा. दुसरा एल्मर वेव्हरिंग, जो पुढे कित्येक वर्षांनी याच कंपनीचा अध्यक्ष झाला.

आता थोडं तांत्रिक बोलूया, कारण खरी गंमत इथे आहे. घरातला रेडिओ उचलून गाडीत ठेवला तर तो का चालत नव्हता?

पहिली अडचण विजेची. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी असायची. ट्यूब तापवायला ती पुरे, पण प्लेटला लागायचे शंभराच्या वर व्होल्ट. ते आणायचे कुठून? म्हणून वेगळ्या कोरड्या बॅटऱ्यांची पेटी गाडीच्या फरशीखाली बसवावी लागायची.

दुसरी अडचण गोंगाटाची. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी पाडतो. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटा रेडिओ ट्रान्समीटरच. आपला रेडिओ त्या ठिणग्यांच्या मध्ये बसलेला, त्यामुळे गाण्याऐवजी नुसती कडकड. यावर उपाय म्हणून प्लगच्या वायरींना रेझिस्टर आणि जनरेटरला कपॅसिटर लावायचे, आणि रेडिओ धातूच्या पेटीत बंद करायचा.

तिसरी अडचण अँटेनाची. तेव्हाच्या गाड्यांच्या छताचा मधला भाग पूर्ण पोलादी नसायचा, कापड आणि लाकूड असायचं. म्हणून छताचं आतलं अस्तर उसवून त्यात तार किंवा जाळी घालायची आणि अस्तर पुन्हा शिवायचं.

चौथी अडचण धक्क्यांची आणि जागेची. काचेच्या ट्यूब, खडबडीत रस्ते, आणि स्पीकर ठेवायला डॅशबोर्डखाली जेमतेम जागा.

यातली एकही अडचण रेडिओच्या आतली नाही, हे लक्षात घ्या. रेडिओ ठीकच होता. अडचण होती ती रेडिओ आणि गाडी यांचं जमवण्याची. डिकीपाशी बसून माझा जो पोपट झाला होता, तो हे वाचताना मला आठवत होता.

स्टॉल नाही? मग गाडीच लावू बाहेर

जून १९३० मध्ये अटलांटिक सिटी या समुद्रकिनारीच्या शहरात रेडिओ उत्पादकांचं मोठं संमेलन होतं. शिकागोपासून अंतर सुमारे १,३०० किलोमीटर. गॅल्विन यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीत नवा रेडिओ बसवून घेतला आणि ती चालवत तिकडे निघाले. संमेलनात त्यांचा स्टॉल नव्हता. मग त्यांनी गाडी बाहेरच लावली, आवाज मोठा केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांना बोलावून बोलावून ऐकवला. हार्वर्ड स्टेशनवरचा पॉपकॉर्नवाला पोरगा पुन्हा कामाला लागला होता. परतताना त्यांच्याकडे उत्पादन सुरू करण्याएवढ्या ऑर्डरी होत्या.

त्या मॉडेलचं नाव ५टी७१. बसवणुकीसकट किंमत ११० ते १३० डॉलर. त्या काळी फोर्डची साधी गाडी पाचशे डॉलरच्या आसपास मिळायची. म्हणजे गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढा रेडिओ! दहा लाखांच्या गाडीत दोन लाखांची म्युझिक सिस्टीम बसवण्यासारखंच.

नावही गॅल्विन यांनीच ठरवलं. मोटर म्हणजे मोटारगाडी, आणि पुढे ओला. व्हिक्ट्रोला, रेडिओला अशी नावं तेव्हा आवाजाच्या यंत्रांना असायची, त्यातलं हे ओला. मोटरओला, म्हणजे मोटोरोला. चालत्या गाडीतला आवाज, एवढाच त्याचा अर्थ. हे आधी कंपनीचं नव्हे, फक्त त्या रेडिओचं नाव होतं. कंपनीने ते १९४७ मध्ये स्वतःला लावलं.

बसवणं हेच खरं काम

ऑर्डरी आल्या म्हणून प्रश्न सुटला नाही. १९३० चा हिशेब केला तेव्हा कंपनी थोड्या तोट्यातच होती. आणि रेडिओ विकत घेतल्यावर गिऱ्हाइकाचे हाल सुरू व्हायचे. डॅशबोर्ड खोला, फरशीला भोक पाडा, छत उसवा, इंजिनात रेझिस्टर लावा. एक रेडिओ बसवायला दोन माणसांना कित्येकदा काही दिवस लागायचे. बाजारात उत्तम रेडिओ असून काय उपयोग, जर गल्लीतल्या मेकॅनिकला तो बसवताच येत नसेल?

याच काळातली एक गोष्ट कायम सांगितली जाते. गॅल्विन कर्ज मागायला एका बँकरकडे गेले होते. त्याला खूश करावं म्हणून आपल्या माणसांकडून त्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. थोड्याच वेळात पॅकार्डने पेट घेतला. कर्ज अर्थातच मिळालं नाही. यात तिखटमीठ किती, देव जाणे, पण ज्याने एकदा तरी फ्यूजशिवाय वायर ओढलीय त्याला ती सहज पटेल.

गॅल्विन यांनी इथे जे केलं ते मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांनी बसवणुकीला डोकेदुखी न मानता मालाचाच भाग मानलं. वेव्हरिंग यांच्यावर बसवणाऱ्या लोकांना शिकवण्याची जबाबदारी आली. १९३४ मध्ये गुडरिच या टायर कंपनीशी करार झाला. तिच्या दुकानांची साखळी देशभर होती. टायर बदलायला आलेला माणूस तिथेच रेडिओ घेणार आणि तिथेच बसवून नेणार. तोवर बसवणुकीसकट किंमत ५५ डॉलरपर्यंत उतरली होती. म्हणजे जवळपास निम्मी.

यंत्रही सुधारत होतं. फरशीखालच्या कोरड्या बॅटऱ्यांची जागा व्हायब्रेटरने घेतली. हा एक थरथरणारा छोटा स्विच. तो गाडीच्या बॅटरीची सरळ वीज सेकंदाला कित्येकदा तोडायचा आणि जोडायचा. अशी तुटक वीज ट्रान्सफॉर्मरमधून गेली की व्होल्टेज वाढवता येतं. आता मजा बघा. आज गाडीत मोठा ॲम्प्लिफायर लावला तर त्याच्या पोटात हेच काम चालतं, फक्त थरथरणाऱ्या स्विचच्या जागी ट्रान्झिस्टर असतात आणि ते सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. तुमच्या फोनच्या चार्जरमध्येही वीज अशीच तुकडे करून बदलली जाते.

हळूहळू गाडी कंपन्याही शहाण्या झाल्या. १९३० च्या दशकात कारखान्यातच रेडिओ बसवून मिळू लागले. पुढे डॅशबोर्डमध्ये रेडिओची जागा ठरून गेली. म्हणजे आज आपण ज्याला कंपनी फिटेड म्हणतो, तो आधी आफ्टरमार्केट होता. क्रम उलटा आहे!

पोलिसांची गाडी, सैनिकाच्या हातातला रेडिओ

१९३६ मध्ये गॅल्विन कुटुंबाला घेऊन युरोपच्या दौऱ्यावर गेले. तिथलं, विशेषतः जर्मनीतलं वातावरण बघून युद्ध येणार याची त्यांना खात्री पटली. त्याच वर्षी कंपनीने पोलिसांच्या गाड्यांसाठी खास रेडिओ आणला. एकाच फ्रिक्वेन्सीवर बसवून ठेवलेला, फक्त ऐकण्यासाठीचा. पोलिसांची गाडी म्हणजे धक्के आणि इंजिनाचा गोंगाट, आणि त्यात आवाज स्पष्ट हवा. गाण्यांच्या रेडिओवर जे शिकले ते इथे कामाला आलं.

१९४० मध्ये सैन्यासाठी हॅंडी-टॉकी आला. ट्यूब, बॅटरी, अँटेना सगळं एका हातात मावणाऱ्या डब्यात. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, पल्ला साधारण दीड किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धात असे लाखाहून जास्त सेट बनले. त्याच वर्षी डॅनियल नोबल हे प्राध्यापक कंपनीत आले. त्यांनी कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांसाठी एफएमवर चालणारी दुतर्फा रेडिओ यंत्रणा उभी केली होती. एफएममध्ये ठिणग्यांची कडकड फार कमी ऐकू येते. त्यातूनच १९४३ मध्ये सैनिकांच्या पाठीवरचा एफएम वॉकी-टॉकी आला.

बाहेरून बघता हे सगळे यशाचे दिवस. पण १९४२ मध्ये लिलियन यांचा त्यांच्या राहत्या घरी खून झाला. घरी काम करणारी बाईही त्यात मारली गेली. गुन्हेगार कधीच सापडला नाही. दोन्ही कारखाने बुडाले तेव्हा जी बाई सोबत उभी होती, ती सुखाच्या दिवसांत अशी गेली. कंपनीच्या जाहिरातीत या गोष्टी नसतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

युद्धानंतर १९४७ मध्ये कंपनीने २०० डॉलरच्या आतला टीव्ही आणला आणि तो धडाक्यात विकला गेला. त्याच वर्षी कामगारांसाठी नफ्यात वाटा देणारी योजना सुरू झाली. १९४९ मध्ये नोबल यांच्या पुढाकाराने फिनिक्स शहरात सेमीकंडक्टरच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा निघाली. ट्यूबचा जमाना संपणार हे त्यांनी ओळखलं होतं. एलिमिनेटरच्या वेळी पोळलेला माणूस दुसऱ्यांदा गाफील राहत नाही.

१९५६ मध्ये मुलगा रॉबर्ट कंपनीचा अध्यक्ष झाला. पॉल गॅल्विन यांचं निधन ५ नोव्हेंबर १९५९ ला झालं. वय ६४. मोबाइल फोन त्यांनी पाहिला नाही. १९७३ मध्ये याच कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या मोबाइलवर पहिला कॉल केला. १९८३ मध्ये असा फोन विक्रीसाठी तयार झाला, किंमत ३,९९५ डॉलर. मोटोरोलाचा फोनचा धंदा पुढे वेगळा झाला, २०१२ मध्ये गूगलकडे आणि २०१४ मध्ये लेनोवोकडे गेला. नावातली मोटार मात्र तशीच राहिली.

आता माझ्या सबवूफरचं काय झालं ते

गॅल्विन यांच्यासमोरच्या चार अडचणी वाचल्यावर मी माझ्याही अडचणी तशाच मांडल्या. स्पीकर ठीक आहे असं धरलं आणि गाडीशी त्याचं कुठे जमत नाही ते बघितलं.

वीज: मल्टीमीटर लावला तेव्हा कळलं, जुना स्पीकर २ ओहमचा होता, नवा ४ ओहमचा. ॲम्प्लिफायर तोच. समजा तो १० व्होल्ट देतो. पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम. २ ओहमला ५० वॅट, ४ ओहमला फक्त २५. खोक्यावरचे वॅट म्हणजे स्पीकर किती सहन करू शकतो ते. तेवढे त्याला मिळतीलच असं नाही. (मल्टीमीटरवर आकडा छापील ओहमपेक्षा थोडा कमी दिसतो, घाबरू नका.)

जागा: डिकीतल्या प्लास्टिकच्या डब्यात किती हवा मावते हे जुन्या स्पीकरच्या हिशेबाने ठरलेलं असतं. नव्याला जास्त लिटरचा डबा हवा असेल तर खोल बेस जातो आणि मधलाच एक सूर घुमत राहतो. स्पीकर घेताना सोबतच्या कागदावर डबा किती लिटरचा हवा ते बघा. मागच्या मॅग्नेटची खोलीही मोजा, नाहीतर पॅनल बसत नाही.

दिशा: मी प्लस-मायनस उलटे जोडले होते! असं झालं की सबवूफर हवा पुढे ढकलतो तेव्हा दरवाजातले स्पीकर मागे ओढतात, आणि बेस आपसात कापला जातो. वायरी उलटून बघा, जास्त बेस कधी येतो ते कान लगेच सांगतात.

ट्यूनिंग: कंपनीचा ॲम्प्लिफायर बऱ्याचदा आवाज वाढवला की मुद्दाम बेस कमी करतो, म्हणजे मूळचा छोटा स्पीकर फाटू नये. स्पीकर बदलला म्हणून त्याचा तो हिशेब बदलत नाही.

शेवटी दुकानदाराने स्पीकर बदलून दिला, त्याचे आभार. आता जो घेतला त्याला ४ ओहमच्या दोन कॉइल आहेत. दोन्ही पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात, म्हणजे मूळच्या ॲम्प्लिफायरला पाहिजे तेवढेच. त्याखाली जाऊ नका, ॲम्प्लिफायर तापून जळतो. गाडीची मूळ वायर कापली नाही, मध्ये कनेक्टर टाकला, त्यामुळे उद्या जुनं परत बसवायचं तर पाच मिनिटांचं काम. आणि तुम्ही वेगळा ॲम्प्लिफायर लावून थेट बॅटरीवरून वायर ओढणार असाल, तर बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज लावाच. त्या बँकरची पॅकार्ड आठवा.

या वेळी काम एका दुपारचं नव्हतं, दोन रविवार गेले. पण आता डिकीतून जो आवाज येतो, तो गाण्याचाच असतो.